बारा मोरांची झालर

रुखवताचा टेम्पो चार वाजता यायचा होता, आणि दोन वाजून गेले तरी सर्जेरावांच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. उद्या इंदापूरच्या कार्यालयात त्यांच्या मुलीचं, संस्कृतीचं लग्न. तिचं रुखवत आजकालच्या रीतीने अर्ध्याहून जास्त विकतचं होतं: चॉकलेटचा बंगला, सुपारीचे नवरानवरी, थर्माकोलची बैलगाडी, मोत्यांची तुळस. प्रत्येक वस्तूवर सोनेरी अक्षरांत 'चि. सौ. कां. संस्कृती हिची हस्तकला' अशी चिठ्ठी. चिठ्ठ्या दुकानदारानेच वस्तूंबरोबर दिल्या होत्या आणि त्याचं कुणालाच काही वाटलं नव्हतं. रुखवत कुणीही करो, आईने, मावशीने, आत्याने नाहीतर बारामतीच्या दुकानदाराने, नाव लागतं ते नवरीचं. वाचणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. आपल्याकडे याला कुणी खोटं म्हणत नाही, आणि सर्जेरावांच्या थोरल्या बहिणीचं, इंदिराचं, सगळं आयुष्य नेमकं याच जागी अडकून बसलं होतं.

ती आत्ताच बारामतीहून आली होती. एमआयडीसीच्या फाट्यापासून कळस गाव येईपर्यंत तिने मांडीवरची पेटी खाली ठेवली नव्हती. गाडी चालवत होत्या पुण्याच्या आसावरी मॅडम. पुण्यात जुन्या कापडांचं एक संग्रहालय उभं राहत होतं आणि त्यात हाताने विणलेल्या लेसचं एक आख्खं दालन इंदिराच्या संग्रहाचं असणार होतं. दोनशे तेरा नग. दालनावर नावही तिचंच लागायचं होतं.

हे दोनशे तेरा नग काही आपसूक जमले नव्हते. शिवणवर्गाला सुट्टी असली की इंदिरा एसटी पकडायची. इंदापूर, नरसिंहपूर, मधली बारकी गावं, जिथे म्हणून कुणा म्हातारीच्या ट्रंकेत क्रोशाची लेस असल्याचं कानावर यायचं तिथे ही हजर. परकराच्या घेराच्या लेसा, बाळाच्या कुंचीची किनार, उशीच्या अभ्र्यांचे कोपरे, देवाच्या वस्त्राची झालर. तिची खरी चढाओढ होती बोहारणीशी. बोहारीण जुन्या कपड्यांवर स्टीलची पातेली द्यायची, म्हणून इंदिराही पिशवीत पातेली घेऊन हिंडायची. मिळालेली लेस घरी आणून रिठ्याच्या पाण्यात भिजवायची, पंच्यावर टाचण्या टोचून सावलीत वाळवायची आणि मलमलीत गुंडाळून ठेवायची. नवरा, श्रीपाद, म्हणायचा, "माझ्या सदऱ्याची बटणं तुटलीत आणि तू लोकांच्या परकरांची काळजी करतेस."

एका बाबतीत मात्र ती फार कडक होती. लेस हातात पडली की पहिला प्रश्न, "कुणाच्या हातची?" घरच्यांना सांगता आलं नाही तर ती त्यांना चक्क रागवायची. "आजीने रात्र रात्र जागून केलं आणि तुम्हाला तिचं नाव माहीत नाही?" मग चार घरं हिंडून, शेजारच्या म्हातारीला विचारून ती नाव शोधून काढायची आणि वहीत लिहायची. गाव, घर, वस्तू, बाईचं नाव. दोनशे बारा नोंदी अशा घासून पुसून घेतलेल्या. खोटी होती ती फक्त पहिली. 'झालर, बारा मोर. कळस. इंदिरा.'

ती झालर तिच्या मांडीवरच्या पेटीत होती. दाराला लावायची, हातभर रुंद, पांढऱ्या दोऱ्याची. चौकटी चौकटीतून विणलेले बारा मोर, प्रत्येकाची मान वेगळी वळलेली. उद्या संस्कृतीच्या रुखवतात ती इंदिराच्या नावाने मधोमध लागायची होती आणि परवा पुण्याला जायची होती. तिने त्यातला एक मोरही विणला नव्हता. सगळी झालर तिच्या भामाआत्याने विणली होती.

भामाआत्या हॉलच्या खिडकीशी बसून अक्षतांचे तांदूळ निवडत होती. वय ऐंशीला टेकलेलं. एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलेलं, दुसऱ्यावर पडदा आलेला, त्यामुळे तांदूळ ती बोटांनीच निवडायची. लहान वयात लग्न झालं, वर्षात माहेरी परत आली, आणि मग भावाच्या, म्हणजे इंदिराच्या आबांच्या, घरीच राहिली ती राहिली. "आली का इंदे?" ती आवाजावरून म्हणाली.

"आले, आत्या."

"बस. च्या घे."

एवढंच. गेली एक्केचाळीस वर्षं त्यांचं बोलणं असंच एवढ्यावर थांबायचं.

*

एक्केचाळीस वर्षांपूर्वी, इंदिराच्या लग्नात, याच गावात मांडव पडला होता. रुखवतात बारा मोरांची झालर आणि खाली चिठ्ठी, 'चि. सौ. कां. इंदिरा हिची हस्तकला'. आत्याने आनंदाने करून दिली होती आणि चिठ्ठीही सगळ्यांच्या रीतीचीच होती. पण जेवणाआधी बारामतीच्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई रुखवत बघायला आल्या, झालरीपुढे थबकल्या आणि म्हणाल्या, "हे कुणी केलं? खरं सांगा, कारण मला कामाचं बोलायचंय. माझ्या शिवणवर्गाला बाई पाहिजे. शिक्षण नको, मला हात पाहिजे. राहायला मंडळाची खोली देईन."

इंदिराच्या एका बाजूला सासू उभी होती, दुसऱ्या बाजूला नणंद. मागे आत्या सरबताचं ताट घेऊन. इंदिरा म्हणाली, "मी."

दोन अक्षरांचं उत्तर नव्हतं ते, एकाच अक्षराचं होतं. पण ते परत घेता आलं नाही. लग्नानंतर सोळाव्या दिवशी ती परतवणाला माहेरी आली तेव्हा कामाचं पत्र तिच्या पर्समध्ये होतं, आणि तिला क्रोशाची धड साखळीसुद्धा घालता येत नव्हती. मग आठ दिवस आत्याने तिला शिकवलं. मागच्या पडवीत, दार ओढून घेऊन. साखळी, खांब, मुका खांब असे टाके, मग मोराची मान. आठ दिवसांत इंदिराचा हात बसला, आणि नवव्या दिवशी ती बारामतीला बाई म्हणून रुजू झाली, ती निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली.

*

आसावरी मॅडमनी झालर जेवणाच्या टेबलावर पसरली. गळ्यातलं भिंग डोळ्याला लावून त्या इतक्या खाली वाकल्या की संस्कृतीला हसू आलं. सर्जेराव कौतुकाने बघत होते. कालच त्यांनी व्याह्यांना फोनवर सांगितलं होतं की आमच्या आक्काच्या हातची झालर आता पुण्याच्या म्युझियममध्ये चाललीय.

"इंदिराताई," मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही बोलला नाहीत हं कधी."

"काय?"

"तुम्ही डावखुऱ्या आहात ते."

आत सर्जेरावांची बायको, कौसल्यावहिनी, लाडवाचे डबे लावत होत्या. डब्यांचा आवाज बंद झाला.

मॅडम खुशीत समजावून सांगू लागल्या. उजव्या हाताने विणणारी बाई उजवीकडून डावीकडे जाते, डाव्या हाताची डावीकडून उजवीकडे. दोरा सुईवर घ्यायची दिशाच बदलते, त्यामुळे खांबाला पडणारा पीळ उलटा बसतो. साध्या डोळ्याला दिसत नाही, भिंगातून लख्ख दिसतो. "तुमच्या दोनशे तेरा नगांत डाव्या हाताचं हे एकच काम आहे. फार दुर्मीळ. म्हणजे बायका डावऱ्या असायच्या, पण मारून मुटकून उजव्या केलेल्या. तुमचा हात कसा सुटला?"

 वीस वर्षं इंदिरा लेस गोळा करत होती, भिंग तिच्याकडेही होतं, आणि तिने ही एक झालर कधी भिंगाखाली धरली नव्हती. मुद्दाम नव्हती धरली, हे तिला आत्ता कळलं.

"व्हय व्हय," सर्जेराव पुढे सरसावले. "आक्का ल्हानपणी डावरीच व्हती. लग्नापर्यंत समदं डाव्या हातानं. मग सासरी बदलला हात. न्हाय का गं आक्का?"

बोलताना ते तिच्याकडे बघत नव्हते. म्हणजे सर्जाला माहीत होतं. लग्नात एकोणीस वर्षांचा होता तो, पंगतीत वाढत हिंडत होता. सगळ्या घराला माहीत होतं आणि सगळं घर एक्केचाळीस वर्षं तिच्यासाठी गप्प होतं.

"हो का?" मॅडमनी पर्समधून क्रोशाची सुई काढली. "मग एक फोटो काढू. डाव्या हातात सुई धरा, झालर मांडीवर. दालनाच्या दारातच लावू आपण मोठा करून."

नाही म्हणायला एवढी सोपी जागा पुन्हा मिळाली नसती. पण मॅडमचा हात पुढे आला होता, सर्जेराव हसत होते, दोन शेजारणी कौतुकाने बघत होत्या, आणि इंदिराने सुई घेतली. डाव्या हातात. ती तिला नीट धरतासुद्धा आली नाही. "जरा सैल धरा," मॅडम म्हणाल्या, "सवय गेली वाटतं," आणि फोटो काढला.

खिडकीशी तांदूळ निवडणारा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला. डावाच हात होता तो. याच हातामुळे आत्याला कधी पंगतीत वाढू दिलं नव्हतं, सत्यनारायणाच्या प्रसादाला शिवू दिलं नव्हतं.

*

पाणी प्यायला म्हणून इंदिरा स्वयंपाकघरात गेली. कौसल्यावहिनी डब्यांकडे तोंड करून उभ्या होत्या.

"वन्सं, फोटो चांगला आला का?"

"कौसल्या, टोचून बोलू नकोस."

"मी कुठं टोचतीय? मी परक्या घरची, माझं काय जातंय." त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. "तीस वरसं झाली मला या घरात. आत्यांचं डोळ्याचं ड्रॉप मी घालती, केस मी धुती. दर वरसाला पेपरात तुमचा फोटो येतो, लेसवाल्या बाई म्हणून. आत्या मला म्हणत्यात, वाचून दाखव. मी वाचून दाखवती. त्या म्हणत्यात, चांगलं लिवलंय. एकदा बी म्हणल्या न्हाईत का, त्यात मी कुठं हाय."

इंदिराने पाण्याचा पेला भरून घेतला. कौसल्यावहिनी तिला कधीच आवडल्या नव्हत्या, आणि या घरात आत्याच्या बाजूने बोलणाऱ्या त्या एकट्याच निघाल्या याचा तिला राग आला, आणि त्या रागाची तिला तितकीच लाज वाटली.

सर्जेराव मागून आत आले. "काय चाललंय? मॅडम बाहीर हायेत. आवाज जातोय."

"सर्जा, तुला कधीपासून माहीत होतं?"

"सोड की आक्का. लग्नघर हाय."

"कधीपासून?"

ते ओट्याला टेकले. साठ वर्षांचा माणूस, पण बहिणीपुढे अजून पोरगाच व्हायचा. "पहिल्यापासनं. आबांना बी म्हाईत व्हतं. तू सासरी गेल्यावर आबा म्हणलं, नाव पोरीचं लागलंय तर पोरीचंच ऱ्हाऊ द्या. आय अंथरुणाला खिळलेली, म्हशी चार, मी कॉलेजात. आत्या बारामतीला गेली असती तर या घरात भाकरी कुणी थापली असती? तू एकटीनं न्हाय केलं ते. आमी समद्यांनी केलं." मग ते म्हणाले, "आता एका दिसासाठी कशाला उकरायचं? व्याह्यांना सांगून बसलोय मी. परवा ती झालर गेली का संपलं. आत्याला बी काय त्याचं न्हाय."

"तुम्ही इचारलं का त्यांना?" कौसल्यावहिनी म्हणाल्या.

"तू गप."

"मी तीस वरसं गप हाय."

"कशाचं काय नाही भामाआजीला?"

दारात संस्कृती उभी होती. हातावर मेंदी, म्हणून दोन्ही हात शरीरापासून लांब धरलेले. तिने किती ऐकलं होतं कुणास ठाऊक, पण ती बापाकडे न बघता इंदिराकडे बघत होती. "आत्या, ती झालर भामाआजीची आहे?"

इंदिराला वाटलं, हिच्याएवढीच होते मी. मेंदी अशीच होती. मला कुणी असं सरळ विचारलं असतं तर? पण हेही खोटंच होतं. तिला सरळच विचारलं होतं. खरं सांगा, असं बजावून विचारलं होतं.

"हो," ती म्हणाली.

"मग उद्या माझ्या रुखवतात ती तुझ्या नावाने लावायची?"

"संस्कृती," सर्जेराव म्हणाले, "मोठ्या माणसांच्यात पडू नगं."

"माझं लग्न आहे बाबा. मी नाही तर कोण पडणार?"

*

मॅडम हॉलमध्ये कागद भरत होत्या. चारला निघायचं होतं त्यांना. इंदिरा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. पाठोपाठ सर्जेराव आले आणि सोफ्याच्या कडेवर बसले, म्हणजे अजूनही थोपवता आलं तर थोपवावं अशा बेताने. कौसल्यावहिनी दारातच थांबल्या.

"मॅडम, तो फोटो पुसून टाका."

"का? छान आलाय."

"मी डावखुरी नाही. कधीच नव्हते." आवाज वर्गात बोलतात तसा सरळ निघाला. "झालर माझी नाही. या माझ्या आत्या, भामाबाई. ही यांच्या हातची. लग्नात रीतीप्रमाणे माझ्या नावाने लावली आणि मी ती माझीच म्हणून सांगितली. त्यावर मला नोकरी लागली. ती नोकरीही खरं तर यांचीच होती."

शेजारणींनी एकमेकींकडे पाहिलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या कळसला कळणार होतं आणि उद्या अक्षता पडायच्या आत व्याह्यांना. सर्जेरावांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ते तिच्याकडेच बघत बसले.

मॅडमनी फारसं काही दाखवलं नाही. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "पण मग वहीतल्या बाकीच्या नावांचं काय?"

हा प्रश्न इंदिराच्या मनात आला नव्हता. "ती खरी आहेत."

"मला पटतंय. पण आता मला प्रत्येक घरी जाऊन विचारावं लागेल. आणि दालनाला तुमचं नाव द्यायचं की नाही हे मी एकटी ठरवू शकत नाही." त्या तोडून बोलल्या नाहीत, पण ताई म्हणायच्या ते आता म्हणाल्या नाहीत. दोनशे बारा बायकांची खरी नावं तिच्या एका खोट्याने मातीत गेली होती. वीस वर्षांची एसटी, पातेली, रिठ्याचं पाणी, सगळं संशयात.

मग मॅडम खिडकीशी जाऊन खाली मांडी घालून बसल्या. "आजी, ही तुम्ही केलीत?"

आत्याने सुपातले हात पदराला पुसले. मॅडमनी झालरीचं टोक तिच्या हातात दिलं. तिची बोटं चौकटींवरून सावकाश फिरली, एका मोराच्या मानेशी थांबली. "हितं चुकलीया. एक घर जास्त पडलंय. तवा उसवायला येळ न्हवता."

मॅडमनी भिंग लावून पाहिलं. खरंच एक चौकट जास्त होती.

"शिकवलं कुणी तुम्हाला?"

"इंदापूरच्या दवाखान्यात नर्सबाई व्हती. आमच्या वैनीला तितं ठिवली व्हती तवा. म्या तिच्या समूर बसून शिकले. ती उजवी, मी डावरी. समूर बसलं का बरोबर जुळतंय, आरशावानी."

"आता वहीत तुमचं नाव लिहायचं. चालेल ना?"

"लिव्हा. नायतर नका लिव्हू." आत्याने झालर घडी करून परत दिली. "मला कुठं वाचता येतंय."

इंदिराने वही उघडली. पहिल्या ओळीतलं आपलं नाव खोडलं आणि वर 'भामाबाई' लिहिलं. तिचं अक्षर सुरेख होतं, शिवणवर्गाच्या फळ्यावर लिहून लिहून झालेलं. एवढं लिहायला एक मिनिटही लागलं नाही. संस्कृतीने मेंदीचे हात सांभाळत कौसल्यावहिनींकडून झालरीसाठी करून ठेवलेली इंदिराच्या नावाची सोनेरी चिठ्ठी काढून घेतली आणि नवीन चिठ्ठी लिहायला सांगितली. सर्जेराव उठून टेम्पो आला का बघायला गेले, पण दारापाशी जाताना त्यांनी आत्याच्या खांद्याला हात लावला. आत्याने तो हात झटकला नाही आणि धरलाही नाही.

*

सामान चढवायला सगळे अंगणात गेले तेव्हा हॉलमध्ये दोघीच उरल्या. मॅडमची गाडी मघाच गेली होती. इंदिरा खिडकीखाली आत्यासमोर बसली. उशीर झाला हे तिला ठाऊक होतं. तरी कुठेतरी हलकं वाटत होतं, कबूल केल्यावर वाटतं तसं, आणि ते हलकेपण आत्याने जरा थोपटावं असं तिला मनातून वाटत होतं.

"आत्या, काहीतरी बोल की. शिव्या दे मला."

"कशाला?"

"मांडवात मी खरं सांगायला पाहिजे होतं."

"मांडवात कशी सांगणार?" आत्या तांदळातून खडा शोधत म्हणाली. "सासू उभी व्हती, नणंद उभी व्हती. पोरीची जात. मला तवाच कळलं, हिला आता बोलता यायचं न्हाय. त्याचं मला काय बी वाटलं न्हाय, इंदे."

इंदिरा जवळ सरकली. "खरंच?"

"व्हय. म्या म्हणलं, परतवणाला येईल तवा आबाला नीट सांगंल. पोरगी चांगली हाय, सांगंल." खडा सापडला. तिने तो खिडकीतून बाहेर टाकला. "मग म्या पिशवी भरली. दोन लुगडी, फणी, एक पितळी तांब्या. ती बाई म्हणली व्हती ना, खोली देते म्हणून. म्हणून बाजारातनं कुलूप बी आणवलं. माझं असं कुलूप कवा नव्हतं. किल्ली गळ्यात घालून बघितली."

अंगणात कुणीतरी बैलगाडी सांभाळून धरा म्हणून ओरडलं.

"रोज पिशवी उघडायची, बघायची, परत बांधायची. पोरींना शिकवायचं म्हणून नवी सुई आणली व्हती, ती वर ठिवली, चटकन सापडावी म्हणून. सोळा दिस."  आत्याची बोटं सुपात तशीच राहिली. "मग तू आलीस. म्या उठूनच उभी ऱ्हायले. तू दार वडून घेतलंस अन म्हणलीस, आत्या, मला काम लागलंय, मला शिकव."



"मग पिशवीतनं ती सुई काढली," आत्या म्हणाली, "अन तुला दिली."

इंदिराने छत्तीस वर्षं त्याच सुईने शिकवलं होतं.